यादीत नाव, तर गावात पत

ताईंनो, या अंकाचा आपला धडा मतदार यादीचा आहे. "निवडणूक तर आता नाही, मग आत्ताच कशाला?" असं कोणी म्हणेल. पण यादीचं काम निवडणूक नसतानाच करायचं असतं. का, ते एका प्रसंगावरून सांगते.

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. आमच्या गटातली एक ताई सकाळीच सगळं आवरून, कपाशी वेचायला जाण्याआधी मतदान करावं म्हणून शाळेत गेली. पदराच्या गाठीला मतदार ओळखपत्र बांधलेलं. तासभर रांगेत उभी राहिली. नंबर आला. आतल्या सरांनी कार्ड पाहिलं, यादी पाहिली, पुन्हा पाहिली. म्हणाले, "ताई, कार्ड खरं आहे. पण या यादीत तुमचं नाव नाही." तिचं नाव होतं माहेरी, शिरपूर तालुक्यातल्या एका गावाच्या यादीत. लग्नाला सहा वर्षं झालेली. रेशनकार्डात नाव सासरी, बँकेचं खातं सासरी, गट सासरी, दोन लेकरं सासरी. मत मात्र माहेरी राहिलं. त्या दिवशी माहेरी जाऊन यायला ना वेळ होता ना गाडीभाडं. ती तशीच शेतात गेली.

संध्याकाळी भेटली तेव्हा मला म्हणाली, "यादीमा मनं नावच नही शे, मंग हाई कार्ड काय कामनं?"

तिचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर म्हणजेच आजचा धडा.

कार्ड वेगळं, यादी वेगळी

मतदार ओळखपत्र म्हणजे तुम्ही कोण, याचा पुरावा. मत द्यायचा हक्क मिळतो तो त्या मतदान केंद्राच्या यादीत नाव असल्यामुळे. कार्ड हरवलं आणि यादीत नाव असलं, तर आधार कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं पासबुक अशा मान्य कागदांवर मत देता येतं. उलट कार्ड आहे आणि नाव नाही, तर मत देता येत नाही. घरी वाटतात ती मतदार चिठ्ठी म्हणजे फक्त अनुक्रमांक आणि केंद्र कळण्यासाठी. नुसत्या चिठ्ठीवर मत देऊ देत नाहीत.

बायकांच्या नावांची ही कटकट आजची नाही. देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. यादी करताना गावोगाव अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच लिहा म्हणाल्या. परक्या माणसाला नाव सांगायचं नाही, ही त्या वेळची रीत. सेन यांनी ठरवलं की ज्या बाईला स्वतःचं नाव आहे, तिची नोंद त्याच नावाने होईल. नाव दुरुस्त करून द्यायला मुदतही दिली. तरी शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. त्या बायका जिवंत होत्या, घरात होत्या, शेतात राबत होत्या. पण यादीत नव्हत्या, म्हणून मत नव्हतं.

आज आपण गटाच्या रजिस्टरवर स्वतःच्या नावाची सही करतो. मग यादीतही आपलं नाव आपल्याच गावात, नीट लिहिलेलं असायला नको का?

निवडणुका अनेक, यादी एकच

बैठकीत विचारलं, की "ग्रामपंचायतीची यादी वेगळी असते ना?", तर निम्म्या जणी हो म्हणतात. असं नाही. नीट समजून घ्या.

लोकसभा आणि विधानसभा या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. आपला चोपडा विधानसभा मतदारसंघ १० नंबरचा, अनुसूचित जमातीसाठी राखीव. लोकसभेला आपण रावेर मतदारसंघात येतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका या निवडणुका महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग घेतो. हा आयोग १९९४ साली स्थापन झाला.

आयोग दोन, पण राज्य निवडणूक आयोग स्वतःची नवी यादी करत नाही. विधानसभेची यादीच घेतो आणि तिचे वॉर्डाप्रमाणे, गटाप्रमाणे, गणाप्रमाणे तुकडे करतो. म्हणजे विधानसभेच्या यादीत तुमचं नाव नसेल, तर सरपंच निवडतानाही तुम्ही बाहेर.

स्थानिक निवडणुकीआधी वॉर्डनिहाय प्रारूप यादी लावतात आणि हरकती मागवतात. तेव्हा फक्त वाटपातल्या चुका सुधारतात. "माझं घर वॉर्ड २ मध्ये आहे, नाव वॉर्ड ३ मध्ये गेलं" किंवा "विधानसभेच्या यादीत नाव आहे, इथे सुटलं", एवढंच. नवीन नाव त्या वेळी घालत नाहीत.

स्थानिक निवडणुकीसाठी एक तारीख ठरते. त्या तारखेला विधानसभेची जी यादी असेल, तीच वापरतात. राज्यात नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं, पण यादी होती १ जुलै २०२५ ची. मध्ये पाच महिने. ज्या मुलीने ऑगस्टमध्ये नाव नोंदवलं, तिचं नाव त्या निवडणुकीत आलं नाही. लोकसभा-विधानसभेलाही उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की यादी बंद होते. निवडणूक संपेपर्यंत नाव घालतही नाहीत आणि काढतही नाहीत.

म्हणून म्हणते, लाउडस्पीकरची गाडी गावात फिरायला लागली की फॉर्म शोधायला जाऊ नका. तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो.

वर्षातून चार तारखा

पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षं पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागायचं. २ जानेवारीला जन्मलेल्या मुलीला वर्षभर थांबावं लागे. आता तसं नाही. १ ऑगस्ट २०२२ पासून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यातल्या ज्या तारखेला मुलीला १८ पूर्ण, त्या तारखेपासून ती पात्र. शिवाय १७ वर्षं पूर्ण झाली की आधीच अर्ज देऊन ठेवता येतो. वेळ आली की नाव लागतं.

मतदानाचं वय एकेकाळी २१ होतं. १९८९ साली ते १८ झालं. आपल्या लेकी कॉलेजात जातात, मोबाईलवर सगळे अर्ज भरतात. मग हा अर्ज का राहतो?

तीन फॉर्म लक्षात ठेवा: सहा, सात, आठ

फॉर्म ६: पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी. फोटो, जन्मतारखेचा पुरावा (जन्मदाखला, दहावीची सनद, आधार वगैरे) आणि पत्त्याचा पुरावा लागतो.

फॉर्म ७: नाव काढण्यासाठी. घरात कोणी वारलं असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह हा फॉर्म द्यायचा. दोनदा आलेलं नाव काढायलाही हाच.

फॉर्म ८: राहण्याची जागा बदलली, नावात-वयात-फोटोत चूक आहे, कार्ड हरवलं किंवा फाटलं, अपंगत्वाची नोंद करायची आहे, या सगळ्याला हा एकच फॉर्म.

लग्न होऊन आलेल्या सुनेचं माहेरी नाव असेल तर तिने फॉर्म ८ भरायचा, ६ नाही. इथेच फार चूक होते. फॉर्म ६ भरला तर माहेरचं नाव तसंच राहतं आणि सासरी दुसरं लागतं. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. फॉर्म ६ वर "माझं नाव कुठेही नाही" असं लिहून सही करावी लागते, आणि खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फॉर्म ८ ने जागा बदलली की जुन्या ठिकाणचं नाव निघतं, नव्या ठिकाणी लागतं. माहेर धुळे जिल्ह्यात असो, की सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, फॉर्म हाच.

"पण माझ्या आधारवर माहेरचाच पत्ता आहे!" हे मी दर बैठकीत ऐकते. पत्त्याचा पुरावा तुमच्याच नावाचा असला पाहिजे असं नाही. नवऱ्याच्या किंवा आई-वडिलांच्या नावाचा पुरावाही चालतो. आणि गटामुळे आपल्याकडे बँकेचं पासबुक असतंच. त्यावर सासरचा पत्ता असेल तर तोही पुरावा आहे.

फॉर्म द्यायचा कुठे? प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक बीएलओ नेमलेला असतो. बहुतेक ठिकाणी ते शाळेचे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. त्यांच्याकडे द्या, किंवा तहसील कार्यालयात निवडणुकीचं काम पाहणाऱ्या शाखेत द्या. मोबाईलवर भारत निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवरूनही भरता येतो. शंका असेल तर १९५० या नंबरवर फोन करा. यासाठी कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. अर्ज केल्याचा क्रमांक किंवा पोच मात्र घ्याच आणि गटाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. अर्ज नाकारला आणि तो निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

कामाला गेलं म्हणून नाव जात नाही

आपल्या तालुक्यातून किती घरं ऊसतोडीला, वीटभट्टीला, सुरतेकडे कामाला जातात! सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर दिवाळीनंतर म्हातारी माणसं आणि बकऱ्याच उरतात. मग कोणीतरी म्हणतं, "ते इथे राहत नाहीत, नाव काढा."

कायदा काय म्हणतो? मतदार जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याचं नाव असतं. आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने तो तिथला रहिवासी नाही, असं होत नाही. चार-सहा महिने मजुरीला जाऊन परत येणाऱ्या बाईचं नाव गावातच राहिलं पाहिजे. बीएलओ घरी आले तेव्हा कुलूप दिसलं, तर शेजारच्या ताईने सांगावं की "कामाला गेलेत, होळीला येतील." एवढं एक वाक्यही एखादं नाव वाचवू शकतं.

उलट, नुसती माहेरच्या घरात वाटणी आहे म्हणून तिथे नाव ठेवता येत नाही. घराची मालकी वेगळी, राहणं वेगळं.

यादी फक्त मतदानापुरती नाही

आता धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ग्रामसभेची सदस्य कोण? गावाच्या मतदार यादीत जिचं नाव आहे ती. घरकुलाची यादी, पाण्याची योजना, गावाचा आराखडा यावर हात वर करायचा हक्क त्या यादीतून येतो. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथेही तेच. आपल्या तालुक्यातली सातपुड्यातली काही गावं पेसा क्षेत्रात आहेत, तिथे तर ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत. नाव नसलेली सून सभेत बसेल, चहा पिईल, पण तिचा हात मोजला जाणार नाही.

आणि दारूचं दुकान? महाराष्ट्रात गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायला बायकांचं मतदान घेता येतं. त्यालाच आपण "उभी बाटली, आडवी बाटली" म्हणतो. आधी गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. मग गुप्त मतदान होतं. आडवी बाटली जिंकायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून जास्त मतं लागतात. आलेल्या बायकांच्या निम्मी नाही, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त!

हिशोब मांडून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

- यादीत महिला मतदार: ९००
- दुकान बंद व्हायला हवीत: किमान ४५१ मतं
- यादीत असलेल्या, पण वारलेल्या किंवा लग्न होऊन गाव सोडलेल्या: ७०
- म्हणजे गावात खरोखर असलेल्या: ८३०
- आडव्या बाटलीला पडलेली मतं: ४४०

८३० पैकी ४४० म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांनी दुकान नको म्हटलं. तरी दुकान चालूच राहील, कारण ४५१ ला ११ मतं कमी पडली. त्या ७० जणी मत द्यायला येऊच शकत नव्हत्या. पण यादीत राहून त्यांनी उभ्या बाटलीला मदत केली. आणि त्याच गावात नव्याने आलेल्या ३०-४० सुनांची नावं अजून माहेरीच असतील, तर त्यांचंही मत गेलं. तीच नावं वेळेत काढली-घातली असती, तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

(गावठी दारूची हातभट्टी असेल तर तिथे मतदानाचा प्रश्नच नाही. ती बेकायदाच आहे, तक्रार पोलिसांकडे करायची.)

निवडणुकीआधीची निवडणूक

आमच्या बैठकीत एका मुलीने विचारलं होतं, "ताई, उमेदवार कोण असेल हे कोण ठरवतं?" चांगला प्रश्न. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी एक मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. तिथल्या अनेक राज्यांत नाव नोंदवतानाच आपण कुठल्या पक्षाचे ते सांगावं लागतं. आपल्याकडे नोंदणीत पक्ष विचारत नाहीत, आणि कोणी विचारला तर सांगायची गरजही नाही. आपल्याकडे तिकीट पक्षाचे पुढारी देतात.

ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं. तिथे पॅनल बनतं. ते बनतं रात्री, कोणाच्या तरी ओट्यावर, आणि तिथे बहुतेक पुरुषच असतात. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींमध्ये बायकांना निम्म्या जागा आहेत. आरक्षण निघालं की ओट्यावर "कोणाची बायको उभी करायची?" अशी चर्चा होते. १९५१ सालचं "अमक्याची बायको" अजून पुरतं गेलेलं नाही.

ग्रामपंचायतीला उभं राहायला वय २१ पूर्ण लागतं आणि गावाच्या मतदार यादीत नाव लागतं. गटात हिशोब ठेवणारी, बँकेत बोलणारी, कर्जफेड वेळेत करणारी एखादी हुशार ताई असते. तिचं नाव यादीत नसेल, तर ओट्यावरच्या लोकांना तिला टाळायला कारणही शोधावं लागत नाही. म्हणून ग्रामसंघाने आधीच ठरवावं, की आपल्यातली कोण उभी राहील? तिची कागदपत्रं पूर्ण आहेत का? पॅनल बनायच्या आधी आपलं नाव पुढे जाऊ द्या.

आणि मत देताना लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीला सरपंचाचं एक मत वेगळं, आणि वॉर्डात जितके सदस्य निवडायचे तितकी मतं वेगळी. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला दोन मतं असतात, एक गटासाठी आणि एक गणासाठी. एकच बटण दाबून घाईने बाहेर येऊ नका.

या महिन्याच्या बैठकीत करायचं काम

१. आपल्या केंद्राची यादी मिळवा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर ती मोफत पाहता येते. शिकलेल्या लेकीला किंवा सीआरपी ताईला सांगा. बीएलओंकडेही असते.

२. बैठकीत मोठ्याने वाचा. प्रत्येकीने स्वतःचं, घरातल्यांचं आणि शेजारच्या दोन घरांचं नाव ऐकायचं.

३. वहीत चार रकाने करा: नाव बरोबर / नावात चूक / नाव नाही / वारले किंवा गाव सोडलं.

४. दुसऱ्या रकान्याला फॉर्म ८, तिसऱ्याला ६ (माहेरी नाव असेल तर ८), चौथ्यातल्या वारलेल्यांना ७. गाव सोडलेल्या लेकींना सासरी फॉर्म ८ भरायचा निरोप द्या.

५. बीएलओंना बैठकीला बोलवा. मान द्या, चहा द्या, फॉर्म त्यांच्या हातात द्या, पोच घ्या.

६. पुढच्या बैठकीत विचारा, की कोणाचं नाव लागलं? कोणाचं राहिलं?

कोणाचं नाव कोणत्या पक्षाला मत देईल म्हणून घालायचं किंवा काढायचं, हे आपल्या वहीत येऊ देऊ नका. भांडलेल्या जावेचं नावही तितक्याच काळजीने लावायचं. नाव लावणं गटाचं काम, मत कोणाला द्यायचं हे जिचं तिचं.

सांगा पाहू

- कार्ड आहे, यादीत नाव नाही. मत देता येईल का?
- सासरी आलेल्या सुनेने कोणता फॉर्म भरायचा?
- ऊसतोडीला गेलेल्या बाईचं नाव काढायचं का?
- यादीत ६०० महिला आहेत. आडवी बाटली जिंकायला किमान किती मतं हवीत?

उत्तरं धड्यातच आहेत. शेवटचं चुकलं तर हिशोब पुन्हा मांडा, उत्तर ३०१ यायला हवं.

आणि ती आमच्या गटातली ताई? नंतरच्या बैठकीत तिने फॉर्म ८ भरला. पुरावा म्हणून नवऱ्याच्या नावाचं लाईट बिल जोडलं. नाव लागल्याचं कळलं त्या दिवशी तिने यादीतलं ते पान मोबाईलवर पाहिलं आणि स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आता मी या गावाची." सहा वर्षं ती या गावातच राहत होती. पण तिचं म्हणणं मला पटलं.

या महिन्यात वही काढा, यादी वाचा. कोणाचं नाव राहिलंय ते शोधा.